म्हशीमार्फत बोलणं

दोन माणसं बोलत असली की त्यात कुणाचं चालतं, याचा अभ्यास आमची नात कॉलेजात करते. (त्याला कॉलेज लागतं हे मला ठाऊक नव्हतं.) मी शाळा चौथीत सोडली. हा विषय मला दुष्काळात आमच्या म्हशीनं शिकवला.

त्या साली विहीर आटली, कडबा संपला. शिवेपलीकडं जनावरांची छावणी निघाली. बायको म्हणाली, "म्हैस तिथं न्या. हितं मरंल ती."

"माझी म्हैस दुसऱ्याच्या दावणीला जाणार न्हाय."

"मग तुमचं धोतर घाला तिला खायला."

झालं, अबोला! पण अबोल्यात संसार थांबतो का? आमच्यात मग म्हशीमार्फत बोलायची रीत होती. गोठा चुलीसमोरच.

"म्हशे, मालकाला सांग, भाकर निवली."

"म्हशे, सांग तिला, भूक न्हाय."

"म्हशे, मग सारकं चुलीकडं का बघतेत, ईचार."

इथंच माझी गोची झाली. ती म्हशीशी बोलतेय म्हटल्यावर मला मधे तोंड घालता येईना. मग तिला ऊतच आला. "बाई, तुजी हाडं वर आली. तुज्या मालकाची मिशी तेवढी पोसलीय." म्हैस मान हलवायची. माझ्या बोलण्याला त्या जनावरानं एकदाही हलवली नाही.

शेवटी वैतागून एका पहाटे मीच दावं सोडलं आणि म्हैस छावणीत नेऊन बांधली. कुणाला विचारलं नाही. माझा निर्णय!

संध्याकाळी ताठ मानेनं घरी आलो. पोटात आग पडलेली. भाकर मागायची, पण कुणामार्फत? रिकाम्या खुंट्याकडं बघून खाकरलो. बायको गालात हसली आणि भाकरी टोपलीखाली झाकून झोपली. मी उपाशी.

सकाळी उठून थेट छावणी गाठली. म्हशीच्या कानाशी लागलो, "सांग तिला, लई भूक लागलीय."

मागून आवाज आला, "म्हशे, सांग त्यांला, भाकर आणलीय. आन् छावणीचं मी आधीच सांगितलं व्हतं."

म्हशीनं मान हलवली.

परवा हे सगळं ऐकून नात म्हणाली, "आबा, मग चाललं कुणाचं?"

"माझंच. म्हैस कुणी नेली?"

तेवढ्यात आतून बायको म्हणाली, "पोरी, आबांला सांग, चहा निवला. आन् खोटं कमी बोला म्हणावं."

नातीनं मान हलवली.