सुरुवातीच्या फाइलमधली एक ओळ

दोन हजार सालानंतर आखाडा बाळापूरला मी कॉम्प्युटर क्लास चालवायचो. लिनक्स घातलेल्या एका मशीनवर शेजारच्या गावचे निवृत्त गुरुजी रोज दुपारी टाइप करायला येत. त्यांच्या आईने जात्यावर म्हटलेल्या बाबासाहेबांच्या ओव्या ते चिठ्ठ्यांवर टिपून घेत आणि ओवी टाइप झाली की तिची चिठ्ठी फाडून टाकत. पुढे आईला लकवा मारला, वाचा गेली. तरी गुरुजींनी उरलेल्या चिठ्ठ्या घेऊन येणं सोडलं नाही.

त्यांना रोज हाताने मराठी कीबोर्ड चालू करावा लागे. मशीन सुरू होताच ते आपोआप व्हावं, म्हणून एकदा ते चहाला गेले असताना मी त्यांच्या स्टार्टअपच्या फाइलमध्ये एक ओळ घातली. बदल लगेच बघायचा होता. तीन कळा दाबून, त्यावर काय उघडं आहे ते न बघता, चालू पडदाच बंद केला आणि पुन्हा लॉगिन केलं.

डेस्कटॉप आलाच नाही. नुसता करडा पडदा आणि मधोमध फुलीसारखा कर्सर.

गुरुजी आले तेव्हा मी लाइटीवर ढकललं. म्हणालो, व्होल्टेज कमीजास्त झालं असेल. मला एकच इलाज ठाऊक होता, सीडी टाकून सगळं पुसायचं आणि नव्याने बसवायचं. सीडी आत सरकवली, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "मायच्या ओव्या ऱ्हातील ना यात?"

माझा हात थांबला. हो म्हणवेना. सीडी काढून घेतली आणि समोरच्या एसटीडी बूथवरून नांदेडच्या मित्राला फोन लावला. तो आधी रागावला, मग नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर जायच्या कळा सांगितल्या. तिथून फाइल उघडली. माझ्या ओळीच्या शेवटी एक चिन्ह घालायचं राहिलं होतं. त्यामुळे मशीन कीबोर्डचा प्रोग्राम संपायची वाट बघत बसलं होतं आणि डेस्कटॉप उघडायच्या ओळीपर्यंत पोचतच नव्हतं. चिन्ह घातलं. डेस्कटॉप आला. ओव्याही होत्या.

गुरुजींनी एकेक तपासली. शेवटची नव्हती. चहाला जाण्याआधी टाइप केलेली, सेव्ह न केलेली. तिची चिठ्ठी त्यांनी फाडली होती.

तेव्हा मी खरं सांगितलं. दोष लाइटीचा नव्हता, मीच पडदा बंद केला होता.

ते म्हणाले, "मंग आधी काहून न्हाई सांगितलं? आठवत होती तवाच लिहून घेतली असती."

त्यांनी कागद मागितला. पहिली ओळ लिहिली, दुसरीवर पेन टेकवून बसले. मग कागद घडी करून खिशात ठेवला आणि सगळ्या ओव्यांची प्रिंट काढून मागितली. प्रिंटर करकरत राहिला. ते दाराशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून.