आधीच मांडून ठेवलेलं घर

हॉस्पिटलात तिला सगळे नुसतं ‘सिस्टर’ म्हणत. नोकरी ऑपरेशन थिएटरची. डॉक्टर यायच्या आत टेबलावर चिमटे, कात्र्या, सुया, दोरे अशा बेताने मांडून ठेवायचे, की त्यांनी न बघता हात पुढे केला तरी हवी ती वस्तू तळव्यावर पडावी. डॉक्टर पेशंटच्या त्या बाजूला, सिस्टर ह्या बाजूला. त्यामुळे समोरच्याचा उजवा तो आपला डावा, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की त्याचा विचारही करावा लागत नसे. ‘आधी मांडा, मग श्वास घ्या,’ असं ती नव्या पोरींना सांगे. तिचं स्वतःचं मात्र मांडणंच कधी संपत नसे.

अशा बाईच्या नशिबी घर हलवायचं आलं. घरमालकाने जागा विकायला काढली आणि भाडेकरूंना उन्हाळ्यापर्यंतची मुदत दिली. अंथरूण पाहून पाय पसरायचे म्हटलं तर त्यांचं अंथरूण आता उपनगरातच पसरणार होतं, तेही बसच्या शेवटच्या स्टॉपला. नवरा सामान पोचवायचा टेम्पो चालवी, मुलगी शाळेत. या तिघांचं काय, कुठेही भागलं असतं. प्रश्न होता सासऱ्यांचा.

सासरे जन्मभर बस चालवून निवृत्त झाले आणि मग काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे नेले. पण हे घर त्यांना पाठ होतं. दिवसभर एकटे असत, स्वतःचा चहा स्वतः करत, दार उघडत, रेडिओवरच्या बातम्यांशी भांडत. म्हणून तर नवराबायको दोघंही बिनघोर कामावर जात.

नव्या जागेचं कळल्यावर नणंदेचा फोन आला. “वहिनी, तिकडे परक्या घरात बाबांना एकटं ठेवणार? पडले-झडले म्हणजे? माझ्या घराजवळ एक चांगला वृद्धाश्रम आहे. मी बोलून ठेवते.”

नवरा हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. त्याची ती जुनीच खोड. शेवटी भावाबहिणीत असं ठरलं, की नव्या घरात बाबा आपले आपण वावरू शकले तर ठीक, नाहीतर वृद्धाश्रम. सिस्टर मात्र आधीच बोलून बसली होती, “बाबा, तुम्ही आमच्याबरोबरच येणार.” दिलेला शब्द म्हणजे गळ्यातलं लोढणं, पण ते तिने आपण होऊन घालून घेतलं होतं.

मग तिने तेच केलं जे तिला येत होतं. आधी मांडायचं. सुट्टीच्या दिवशी दोघं नवी जागा बघायला गेली. नवरा टेप घेऊन दारात उभा राहिला आणि ओरडून सांगू लागला. “उजव्या हाताला स्वयंपाकघर. त्याच्या पुढे बाथरूम. डाव्या हाताला खोली.” ती समोरच्या खिडकीपाशी त्याच्याकडे तोंड करून उभी राहून हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्यावर नकाशा काढत होती.

घरी आल्यावर तिने राहतं घर त्या नकाशाप्रमाणे फिरवलं. कपाट ओढून जिथे भिंत येणार तिथे उभं केलं. जिथे कपाटही पुरेना तिथे सुतळी बांधली. शेगडी ओट्यावरून उचलून टेबलावर आली, आणि टेबल दाराच्या डाव्या अंगाला.

“असंच होतं का गं?” नवऱ्याने डोकं खाजवत एकदा विचारलं.

“मी लिहून आणलंय.”

“मग झालं,” तो म्हणाला आणि कपाटाला खांदा लावला.

पुढचे कित्येक आठवडे घरात सगळ्यांचे हाल झाले. सासरे सुतळीत अडकत, कपाटावर आपटत. दोन्ही हात पुढे धरून, परक्याच्या घरी आल्यासारखे चालत. चहा करणं सुटलं. नात त्यांना चिडवायची, “आजोबा, तुमची बस स्टॉप सोडून पुढे गेली.”

“ड्रायव्हर शिकाऊ आहे, बाई,” ते म्हणत. “कंडक्टरने घंटी वेळेवर मारावी.”

ड्यूटीवरून आल्यावर सिस्टर त्यांचा हात धरून त्यांना दारापासून फिरवून आणी. पाय भरून आलेले असत, पाठ मोडून गेलेली असे. एकेकदा ती उभ्या उभ्याच पेंगे आणि सासरेच तिला हलवून म्हणत, “चल, बाथरूमपर्यंत झालंय.” हळूहळू त्यांना जमू लागलं. पण ते बोलेनासे झाले होते. रेडिओ बंदच असायचा. मधल्या वेळात ते खाटेच्या काठावर बसून राहत, पाहुणे गाडीची वाट बघत बसतात तसे. तिला ते दिसलं नाही असं नाही. पण दमलेल्या माणसाला दिसतं खूप, उचलून धरवत काहीच नाही.

किल्ली हातात पडली त्या दिवशी तिघं सासऱ्यांना घेऊन निघाली. सासऱ्यांनी धुतलेला शर्ट घातला होता, परीक्षेला निघाल्यासारखा. नव्या घराच्या दारात त्यांनी तिच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

“सोड. आता बघ.”

ते आत शिरले. कसं शिरले! हात पुढे नाहीत, चाचपणं नाही. दोन पावलं टाकून झोकात डावीकडे वळले आणि कपाळ भिंतीवर आपटलं.

रिकाम्या घरात आवाज मोठा झाला. सासरे भिंतीवर तळवा ठेवून हळूच म्हणाले, “इथे भिंत आहे.”

सिस्टरने पाहिलं. स्वयंपाकघर उजवीकडे होतं. बाथरूम उजवीकडे, खोली डावीकडे. नवऱ्याने उजवा म्हटलं होतं आणि समोर उभ्या असलेल्या तिच्या हाताने, वर्षानुवर्षं जे केलं तेच केलं होतं. ‘उजवा’ ऐकला आणि डावा लिहिला. ती फरशीवर बसली.

“मी उजवाच म्हणालो होतो,” नवरा पुटपुटला. मग तिच्याकडे बघून मुलीला घेऊन खाली पाणी आणायला गेला.

“बाबा, माझी चूक झाली,” ती म्हणाली. तिने लपवाछपवी केली नाही, सगळं सांगितलं. “तुम्हाला इतके दिवस उलटं घर शिकवलं.”

सासरे भिंतीला धरून तिच्या शेजारी टेकले. कपाळावर टेंगूळ आलं होतं. “पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात,” ते म्हणाले. “इथे पुढेही मीच, मागेही मीच.”

तिला हसू आलं नाही.

“अगं, बस रिव्हर्सला घेताना मी कधी ठोकली नाही. हेही घेईन उलटं.”

“नाही जमलं तर? ताई तिकडे बोलून बसल्यात...”

“माहीत आहे मला. डोळे गेलेत, कान आहेत. तो आश्रम काय मला पाठ आहे? तिथेही आपटतच शिकावं लागेल. आपटायचंच असेल तर तुमच्यात आपटेन. माझ्या पोरीला मी सांगतो तसं. फक्त माझं एक काम कर.”

“सांगा ना.”

“घरी गेलीस की सगळं होतं तिथे ठेव. जायला अजून वेळ आहे. तेवढे दिवस मला माझ्या घरात राहू दे. ह्या तयारीपायी ते घर आधीच सुटलं माझं.”

संध्याकाळी नवराबायकोने कपाट ओढलं, सुतळ्या सोडल्या, टेबल खिडकीखाली नेलं. शेगडी ओट्यावर आली तसे सासरे स्वयंपाकघरात आले आणि कुणाला न विचारता त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर सकाळच्या ड्यूटीला निघाली. पर्स खांद्याला, मनात थिएटरची मांडामांड आणि त्याच्याही पलीकडे नव्या घराची. दिवा लावायची तिला गरज वाटली नाही. उलट्या मांडणीच्या सवयीने वळली आणि गुडघा कपाटावर असा आदळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ती मटकन खाली बसली आणि रडू लागली. गुडघ्यासाठी नव्हे. इतक्या आठवड्यांत ती एकदाही ह्या घरात नव्हती, हे तिला आत्ता कळलं.

आतून पावलं आली. कुठेही न अडखळता, सरळ. सासरे तिच्यापाशी येऊन खाली बसले, त्यांचा हात नेमका तिच्या डोक्यावर पडला.

“कुठे लागलं?”

तिने त्यांचा हात धरून कपाटावर टेकवला.

“सांभाळून गं,” ते म्हणाले. “अजून तर आपण इथेच राहतोय.”