सलामीचा हात

जिल्हा रुग्णालयाच्या व्हरांड्यात दोन माणसे, मारामारीत कुस्ती कामाला येते की कराटे, यावर वाद घालत होती. एक तालमीचे वस्ताद, दुसरे कराटेचे सर. वस्तादांचा पठ्ठ्या संभा आत शस्त्रक्रियेच्या टेबलावर होता. बाजारातल्या भांडणात त्याच्या उजव्या हातावर कोयता बसला होता आणि हात राहील की नाही, हे कळायचे होते.

"पायांत शिरून पट काढला की माणूस आडवाच, सर."

"कोयत्यापुढं वाकलात की मान गेली, वस्ताद. लाथ लांबून बसते."

"तुमची लाथ फरशीवर. मातीत घसराल!"

असे वाद मी पुष्कळ ऐकले आहेत. त्यांतला प्रतिस्पर्धी नेहमी समोर उभा असतो आणि तोही नियम पाळतो.

बाकावरून संभाची बायको म्हणाली, "त्यांनी डाव टाकलाच नाही, वस्ताद. तो कोयतेवाला अंगावर आला, तर ह्यांनी सवयीनं हात पुढं केला. सलामीला."

वस्ताद खाली बसले. तालमीत पहिल्या दिवशी तेवढेच शिकवतात: लढण्याआधी समोरच्याशी हात मिळवायचा.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितले, हात काढावा लागला.

मग सर हळूच म्हणाले, "आम्हीपण आधी वाकून नमस्कारच शिकवतो."