तारीखवाली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गोधडी पिळली. धुतलेली गोधडी एकट्याला पिळवत नाही. एक टोक माझ्याकडं, एक बायकोकडं. मी सावकाश पीळ घालत होतो, तर ती म्हणाली, "आवं, जीव हाय का नाय हातात? मला उद्याची तयारी करायचीय." आणि टोक सोडून दिलं. अर्धी गोधडी चिखलात. मी शिवी हासडली. ती हसत आत गेली. दुपारी नळावर पडली ती उठलीच नाही. दिवेलागणीच्या आत जाळून आलो.

बजाजनगरात तिला सगळे तारीखवाली म्हणत. हे नाव कामगार ऑफिसच्या शिपायानं पाडलं. "आली बघा तारीखवाली," असं तो साहेबांना ओरडून सांगायचा. ऑफिसात ती कधी बाकावर बसली नाही. म्हणायची, "बसलेल्या बाईला साहेब उद्या या म्हणतो. उभ्या बाईचा त्याला तरास व्हतो." चार चार तास उभी. बरोबर गेलो तर मला लाज वाटायची. मी बाहेर चहा पीत बसायचो.

बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या एका कंपनीत ती कामाला होती. अशा तेवीस बाया. नऊ महिन्यांचा पगार अडकवून मालकानं एके दिवशी फाटकाला कुलूप लावलं. मी म्हणालो, सोड, चल माझ्यासंगं बांधकामावर. ती म्हणाली, "काम तर केलंय ना मी? मग का सोडू?" मी चौथी शिकलेला माणूस, माझा सरकारी कागदावर विश्वास नव्हता. तिला माझ्याहून कमी वाचता यायचं, पण कुठला कागद कुठल्या टेबलावर पडलाय हे ती झोपेत सांगायची.

सुरुवातीलाच घोळ झाला. कंपनीत तीन सुनीता होत्या. सुपरवायजरनं सोयीसाठी एकीची अनिता केली, एकीची चंपा, आणि मस्टरवरही तेच लिहिलं. आणखी पाचसहा बायांचं असंच. लग्नात एकदा नाव बदललेल्या बाया, त्यांना त्यात काही वाटलं नाही. पगाराच्या सह्याही त्याच नावानं करत राहिल्या. तक्रारीत मात्र खरी नावं लिहिली. मालकाचा वकील म्हणाला, या बाया आमच्या मस्टरवर नाहीतच. साहेब फाईल मिटायला लागले.

ही उभीच होती. "साहेब, त्या सुपरवायजरला हजेरी घ्यायला लावा. रोज घेतो तशी."

साहेबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी लावलं. सुपरवायजर मस्टरवरचं एकेक नाव वाचायचा आणि सवयीनं बरोबर त्याच बाईकडं बघायचा. "चंपा" म्हणाल्यावर बाई उठून म्हणाली, "अर्ध्या तासासाठी माझा रोज कापला, तवा बरं नाव ठाऊक व्हतं रे मुडद्या!" साहेबसुद्धा हसले. निकाल बायांच्या बाजूनं लागला.

निकाल लागला म्हणून पैसे आले नाहीत. मालकानं दिले नाहीत, तेव्हा शेतसारा थकल्यावर वसूल करतात तसा हा पगार वसूल करायचा कागद तहसीलला गेला. तिथं तो पडून राहिला आणि ही त्याच्यामागं. रोज सकाळी वाळूजच्या रस्त्यानं कंपनीपर्यंत चालत जायची, आत मशिनी हायत का बघायला. "मशिनी विकूनच पगार निघणार. त्या गेल्या की कागद चुलीत घाला," म्हणायची. मी म्हणायचो, तुला घर नको, दार नको. आता वाटतं, एक दिवस तरी संगं जायला पाहिजे होतं.

तिच्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता तहसीलवाले मशिनींना सील ठोकायला येणार होते. कंपनीच्या मशिनी कुठल्या ते दाखवायला अर्जदार लागतो. तो नसेल तर पुढली तारीख; तोवर मालक सगळं उचलून नेणार.

सकाळी तिची राख सावडायला जायचं होतं. मी सायकल काढली. मेहुणा आडवा आला. "दाजी, सुतकात लोकांच्या दारात जायचं नसतंय."

"मालकाला कुठं सुतक हाय?" मी म्हणालो.

बायांची घरं मला माहीत होती. सह्यांचे कागद घेऊन तिनंच मला फिरवलं होतं. उंबऱ्याबाहेरून हाका मारल्या. त्यातली शमीम पीठ मळता मळता बाहेर आली. "चाचा, तुम कायकू आए? किसीकू भेज देते." बोलता बोलता तिनं हात धुऊन चपला घातल्याही.

दहाला जीप आली. मालकाचा ट्रक फाटकाकडं तोंड करून उभाच होता, वर दोन मशिनी चढवून झालेल्या. तहसीलच्या साहेबांनी विचारलं, "अर्जदार बाई कुठंयत?"

"काल वारली."

साहेबांनी हातातली फाईल मिटली. मग म्हणाले, "बाबा, मग आज राहू द्या."

मी मागं हात केला. सतरा बाया होत्या, सगळ्यांच्या अर्जावर सह्या. साहेबांची वाट न बघता त्या मशिनी दाखवायला आत शिरल्या. ड्रायव्हरनं ट्रक चालू केला. मी खिडकीतून हात घातला आणि चावी काढून घेतली. तो आईबहीण काढत होता, काढू दिली. ट्रकवरच्या दोन मशिनी खाली उतरवल्या, सगळ्या मशिनींना सीलची लाख लागली, तेव्हा चावी त्याच्या हातात दिली आणि राख सावडायला गेलो.