ओल्या मातीचं बोट

नवरा गेला त्या दिवशी फ्युनरल होममध्ये एका काकूंनी माझ्या कपाळावरची टिकली हलक्या हाताने काढली आणि टिश्यूत गुंडाळून स्वतःच्या पर्समध्ये ठेवली. मायेनेच केलं असणार. मला तेव्हा काही सुचत नव्हतं, म्हणून काढू दिली. आज कोणी केलं तर हात धरीन.

अमेरिकेतल्या आमच्या रेडमंड गावच्या मराठी मंडळींनी सुरुवातीला मला काही कमी पडू दिलं नाही. डबे आले, फोन आले, मग जो तो आपापल्या कामाला लागला. मुलगी पूर्व किनाऱ्यावर कॉलेजात. माझं ऑफिसचं काम घरूनच. कित्येक दिवस तोंडातून मराठीचा शब्द निघायचा नाही आणि पाऊस तर आमच्याकडे ऑक्टोबरला आला की मुक्कामालाच असतो.

अशात लायब्ररीच्या फळ्यावर एक कागद दिसला. झाडांच्या सोबतीने ड्रुइड मार्गाची ओळख, नवख्यांचं स्वागत. ड्रुइड म्हणजे युरोपातला झाडं पूजणारा जुना पंथ, हे मी घरी येऊन शोधलं. मुलीला सांगितलं तर ती घाबरून म्हणाली, "मॉम, इज धिस अ कल्ट?" मी म्हटलं, असला तर निदान चार माणसं तरी भेटतील.

गट चालवणारी बाई सत्तरीची होती. आयुष्यभर स्कूल बस चालवलेली, अंगात पिवळा रेनकोट. मला वाटलं होतं मंत्र शिकवील, पण तिने फक्त एक झाड निवडायला सांगितलं. दर आठवड्याला त्याच्याकडे जायचं, बसायचं आणि काही मागायचं नाही.

हे शेवटचं ऐकून मला हसूच आलं. झाडांशी माझं जुनं भांडण होतं. इथे वड मिळत नाही म्हणून आम्ही बायकांनी वर्षानुवर्षं दुकानातून आणलेल्या कुंडीतल्या फायकसला, वडाच्याच जातीच्या झाडाला, दोरा गुंडाळला होता. सात जन्म मागितले होते. एकही पुरता मिळाला नाही.

तरी गेले. आमच्या कॉम्प्लेक्सच्या मागे एक जुना सीडर आहे, देवदारासारखा उंच, त्याच्या बुंध्याशी पाऊस जरा कमी लागतो. पहिल्या खेपेला छत्री धरून नुसती धुमसत बसले. दुसऱ्या खेपेला कधी बोलायला लागले ते कळलंही नाही. भाजी नासली, मॅनेजर मूर्ख आहे, बिछान्याची डावी बाजू मी अजून वापरत नाही, असलंच सगळं, मराठीत. झाडाने उत्तर दिलं वगैरे काही नाही. पण घरी परतताना छातीवरचं ओझं थोडं उतरलेलं असायचं.

जानेवारी आला. दरवर्षी ज्या हळदीकुंकवासाठी तिळाचे लाडू मी करायचे, त्याचं बोलावणं आलं नाही. फोटो मात्र दिसले. सगळ्याजणी दिवाणखान्यात सतरंजीवर, काळ्या साड्यांत, ताटात कुणीतरी केलेले जाडेभरडे लाडू. न राहवून त्यातल्याच एका मैत्रिणीला फोन केला, तर ती चाचरली.

"तुला त्रास होईल म्हणून नाही गं बोलावलं, यार."

माझा त्रास मला न विचारता परस्पर ठरवूनही झाला होता. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. नवरा गेला होता, ते कमी होतं का? आता त्या दिवाणखान्यातली माझी सतरंजीवरची जागाही गेली.

पुढच्याच रविवारी ड्रुइड लोकांचा सण होता, थंडी मोडू लागल्याचा. आठ-दहा जण पार्कातल्या झाडांखाली गोल करून उभे राहिलो. बाई वाटीत झऱ्याकाठची ओली माती घेऊन निघाली आणि एकेकाच्या कपाळाला अंगठ्याने लावू लागली. ती माझ्यापासून दोन माणसांवर आली तशी मी मागे सरले. ठरवून नाही, पाय आपणहून सरले. गोलात माझ्याएवढी फट पडली.

"मला नको," मी इंग्रजीत म्हटलं. "माझा नवरा गेला."

तिला नवऱ्याचा आणि कपाळाचा संबंध काही कळेना.

"वाईट झालं," ती म्हणाली. "माझाही गेला."

आणि अंगठा तसाच पुढे धरून थांबली. तिच्या स्वतःच्या कपाळावर मातीचा मोठा ठिपका होता. मी पुढे झाले. माती बर्फासारखी गार लागली. मला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

नंतर थर्मासमधला चहा झाला आणि सगळे आपापल्या गाड्यांकडे गेले. घरी ये असं कोणी म्हणालं नाही, मीही कोणाला म्हणाले नाही. घरी आले तर दार उघडणारं कोणी नव्हतंच. एका माणसाचा कुकर लावला आणि तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला.

"मॉम, यू हॅव डर्ट ऑन युअर फोरहेड. वाइप इट."

स्क्रीनच्या कोपऱ्यात मला माझं कपाळ दिसलं. माती वाळून कडेने सुटत होती. हात वर गेला होता, तो मी खाली घेतला.

"राहू दे," मी म्हटलं. "याला कोणी हात लावायचा नाही."