सैल जुडी

ओट्यावर सांबाराची जुडी उघडी पडली आहे. सकाळी आईने बांधलेली. दुपारपर्यंत आपोआप सुटली आणि तिचा ओला, हिरवा वास घरभर झाला. कोथिंबिरीला आम्ही सांबारच म्हणतो.

या वासासोबत नाचणगावची आमची वाडी डोळ्यांपुढे येते आणि विहिरीजवळ बसून जुड्या बांधणारी आई. ओल्या अंबाडीच्या धाग्याचे दोन वेढे, अंगठ्याने पीळ, मग टोक आत खोचायचे. गाठ नाही. गाठ सोडताना देठ मोडतात, असे तिचे म्हणणे. पुलगावच्या बाजारात तिची जुडी फेकली तरी सुटत नसे.

गेल्या हिवाळ्यात ती एका नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या हातात सुटली. "काऊन वो माय, घाईत बांधली का?" आई म्हणाली, "धागा कच्चा हाये." मी आकडे पाहणारा माणूस. तिचे वजन, साखर, रक्तदाब सारे ठीक होते; म्हणून मीही धाग्यालाच दोष दिला आणि रबरांचे पाकीट आणले. "रबर लावाले ते काय पोरीची वेणी हाये?" म्हणत तिने ते परत केले.

मग ती चालताना भिंत धरू लागली, म्हणून वर्ध्याला नेले; तिथल्या डॉक्टरांनी तिला हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितले. तिला उठता आले नाही. वयासोबत स्नायूंचे तंतू बारीक होतात, काहींचा मज्जातंतूंशी संबंधच तुटतो. मांसाची जागा चरबी घेते, त्यामुळे काटा फारसा हलत नाही. ताकदीची शिल्लक अशी आतून सरत जाते आणि मग साधा तापही माणसाला खाटेला खिळवतो. व्यायामाने, डाळीदुधाने थोडे परत येईल, डॉक्टर म्हणाले, सगळे नाही.

माझी बायको आईच्या नकळत जुड्यांना गाठी मारू लागली. पुढच्याच बाजारी आईने टोपलीतली एक जुडी उचलून पाहिली. "माह्या हातची जुडी मले समजत नाई का, सूनबाई? दुसऱ्याच्या गाठीवर मी सांबार इकत नाई." त्यानंतर ती बाजाराला गेली नाही.

आता रोज एकच जुडी बांधते, हाताच्या व्यायामासाठी. संध्याकाळी भिंत धरत येते आणि विचारते, "टिकली का?" ही टिकली की पुन्हा बाजाराला जाईन, असे तिने ठरवले आहे.

तिची चाहूल लागली आहे. पुन्हा बांधायला मला क्षणही लागणार नाही. धागा हातात घेतो. तिच्या अंगठ्याचा पीळ त्यात अजून आहे. नाही तो धरून ठेवणारा जोर. मी धागा देठांशेजारी ठेवतो, जसा होता तसा.