पिवळा दिवा आणि उलटा हात

चाचा टायरला हात लावायचे तो उलटा. तळहात नाही, हाताची मागची बाजू. तापलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तसं. मग डोळे बारीक करून म्हणायचे, "ठीक आहे," किंवा "याले काहीतरी होऊन राहिलं." हवेचा मीटर त्यांच्या खिशातच असायचा, पण तो नंतर निघायचा. "पयले हात, मंग मीटर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तुम्ही राजापेठेत कधी पंक्चर काढायला थांबला असाल, तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आमचे चाचा मूळचे अकोटचे. त्यांचं दुकान आणि मी जिथे गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायची ते दुकान, यांच्यामध्ये एकच टिनाचा पत्रा. मला माणसांशी बोलायचा धीर नव्हता. चाचांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. चहा आला की पत्र्यावर दोन बोटं वाजवायचे आणि कप ठेवून निघून जायचे.

ती वर्षं शेतीला वाईट होती. नवा टायर कोणी घेत नव्हतं. तिवशाकडून ट्रॅक्टरचे टायर यायचे, थिगळावर थिगळ लावलेले. "हे टायर नाही बाप्पा, गोधडी आहे," चाचा म्हणायचे. समोरचा म्हणायचा, "चाचा, एवढी पेरणी काढून द्या." मग त्या गोधडीला आणखी एक थिगळ लागायचं, आणि टायर ढकलत नेणाऱ्याला चाचा मागून सांगायचे, "हळू हाक. तो म्हातारा आहे."

एका थंडीत डॉक्टरीणबाईंची गाडी आली. मोठी, परदेशी बनावटीची, पण जुनी. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्याकडून त्यांनी ती घेतली होती. बाई दर आठवड्याला एकट्या ती चालवत तिवशाच्या पलीकडच्या खेड्यांत जायच्या, बाळंतिणी तपासायला. चाकातली हवा कमी झाली की त्या गाडीत समोर एक पिवळा दिवा लागायचा. पण झालं होतं असं, की हवा पुरेशी असली तरी दिवा लागत होता. अकोल्याच्या मेकॅनिकनं सांगितलं होतं, त्यावर काळी टेप चिकटवा.

"टेप लावून टाका, चाचा," बाई म्हणाल्या. "माझं लक्ष रस्त्यावर राहत नाही."

"बाई, खोटं बोलते म्हणून त्याचं तोंड दाबलं, अन् एखाद्या दिवशी खरं बोलला तं?"

गाडीची कव्हरं माझ्याकडेच आली होती. मापं घ्यायला, बसवायला मी चार दिवस गाडीत चढउतर करत होते. चाचा पत्र्याआडून म्हणाले, "बेटी, तुले लिहिता येते. मी चावी फिरवत जातो, दिवा काय करते ते तू लिहून ठेव. माह्या ध्यानात राहत नाही."

ते सकाळी आणि दुपारी गाडी एक चक्कर मारून आणायचे, थांबून पुन्हा चावी फिरवायचे, आणि मी पाहायची. माझं अक्षर चौथीतलं. मापांच्या वहीत मागच्या पानावर लिहिलं: सकाळी थंडी, लुकलुक, मग लागून राहिला. दुपारी ऊन, बंद. चारही दिवस तेच.

चाचांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग टायर उघडले. प्रत्येक चाकाच्या आत, हवा भरायच्या नळीला, बोटाएवढं एक यंत्र होतं. आतल्या हवेची खबर तेच दिव्याला द्यायचं. त्यात घड्याळात असतो तसा सेल.

"एकाचा सेल म्हातारा झाला," चाचा म्हणाले. "थंडीत त्याचा आवाज निघत नाही. उन्हात गळा मोकळा होते."

तसलं नवं यंत्र मुंबईहून यायचं होतं, आणि जुन्या गाडीचं म्हणून लवकर मिळेना. तोवर त्यांनी बाईंना सांगून ठेवलं, "लुकलुक करून लागला तं तो आजारी आहे. सरळ लागला तं खरं बोलून राहिला."

मग एप्रिल आला. दुपारचे चार, ऊन तसंच उभं. बाई घाईत होत्या. मागच्या सीटवर एक बाळंतीण, मांडीवर आठ दिवसांचं लेकरू. दोघांना तिवशाच्या पुढे गावी सोडायचं होतं. चाचांनी चारही चाकांना उलटा हात लावला. "ठीक आहे. जा." मीटर खिशातच राहिला.

मी मागच्या दाराशी वाकून कव्हरची उसवलेली कड टाचत होते. बाईंनी चावी फिरवली. सगळे दिवे लागले, विझले. पिवळा तेवढा राहिला. लुकलुकला नाही.

"झालं याचं सुरू," बाई म्हणाल्या आणि गिअर टाकला.

चाचांनी 'ठीक आहे' म्हटलेलं, समोर चार गिऱ्हाईकं उभी. मी फक्त दार धरून ठेवलं.

"बेटी, दार लाव."

"चाचा, लुकलुकला नाही."

एक गिऱ्हाईक हसलं. "घ्या चाचा, आता शिवणवाली तुमाले हवा शिकवते."

चाचा हसले नाहीत. त्यांनी मीटर काढला. मागच्या डाव्या चाकात निम्मीच हवा. आतल्या बाजूला, वाकल्याशिवाय दिसणार नाही असा, खिळा. त्या टायरच्या कडा इतक्या जाड की हवा गेली तरी टायर दबलेला दिसत नव्हता. आणि हात तरी काय सांगणार? हवा कमी झालेलं चाक गरम लागतं, एवढ्यावर त्यांचा हात आयुष्यभर चालला होता. त्या उन्हात चारही चाकं सारखीच तापलेली.

चाचा गिऱ्हाइकांकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज माहा हात खोटा. दिवा खरा, अन् हे पोरगी खरी." मग खिडकीशी जाऊन बाळंतिणीला म्हणाले, "माफ कर, माय." तिनं लेकराला पदराखाली घेतलं. कशाची माफी, ते तिला कळलं नसावं.

पावसाळ्यात मुंबईहून नवं यंत्र आलं. दिवा पुन्हा उगाच लागला नाही. चाचांची हात लावायची सवय मात्र सुटली नाही, फक्त पुढे पत्र्यावर दोन बोटं वाजू लागली. "हात झाला. बेटी, तू मीटर पाह्य बरं." मी आकडा वाचून सांगायची. आधी पत्र्याआडून, मग गिऱ्हाइकांसमोर.

आता ते दुकान नाही, चाचाही नाहीत. शेवटच्या दुखण्यात ते अकोटला घरी होते. मी एसटीनं भेटायला गेले. ते खाटेवर डोळे मिटून पडले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना कधी हात लावला नव्हता. उलटा हात कपाळावर ठेवला. कपाळ भाजत होतं.

"ठीक आहे, चाचा," मी म्हटलं.

डोळे न उघडताच ते म्हणाले, "मीटर लाव, बेटी."